भोवरा विरतो, मीठ उरतं

सदर : पाण्याच्या गोष्टी

मंडळी, बडोद्याहून अकरावीतल्या एका वाचक मुलीने प्रश्न पाठवला आहे. ती लिहिते, ‘समुद्र एवढा मोठा आणि सतत हलता. त्यात जे पडेल ते मिसळूनच जायला हवं. मग समुद्रातलं एखादं पाणी आजूबाजूच्या पाण्यापासून वेगळं राहू शकतं का? राहिलं तर किती दिवस?’

तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारल्याचं आठवत नाही. उत्तर असं की हो, राहू शकतं. अगदी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. या महिन्याचा लेख अशाच एका पाण्याबद्दल. ते आपल्या अरबी समुद्रातलं नाही, दूर अटलांटिक महासागरातलं आहे. पण त्याच्यावर जितकी बारीक नजर ठेवली गेली तितकी फार थोड्या भोवऱ्यांवर ठेवली गेली असेल, म्हणून तेच निवडलं.

सुरुवात भूमध्य समुद्रापासून करू. या समुद्राला तिन्ही खंडांनी वेढलेलं आहे. ऊन भरपूर, पाऊस बेताचा. जेवढं पाणी नद्या आणि पाऊस देतात त्याहून जास्त वाफ होऊन उडतं. डब्यात आमटी उकळत ठेवली की ती आटून खारट होते, तसंच. भूमध्य समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 38 ग्रॅम मीठ सापडतं, तर बाहेरच्या अटलांटिकच्या वरच्या पाण्यात साधारण 36. दोन ग्रॅमचा फरक आपल्या जिभेला कळणारही नाही, पण समुद्राच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

हे खारट, जड पाणी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. ती सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या तळाशी एक उंबरठा आहे. वरून अटलांटिकचं हलकं पाणी आत येतं आणि खालून भूमध्य समुद्राचं जड पाणी बाहेर जातं. एकाच दारातून एकाच वेळी येणारे आणि जाणारे, एकमेकांच्या अंगावरून. बाहेर आलेलं पाणी उतारावरून खाली घरंगळतं, वाटेत अटलांटिकचं पाणी अंगात घेतं, आणि साधारण एक हजार मीटर खोलीवर येऊन थांबतं. तिथे त्याचं वजन आणि भोवतालच्या पाण्याचं वजन सारखं होतं. खारटपणाने ते जड आहे, पण उबदार असल्याने हलकंही आहे. दोन्ही गोष्टींची बेरीज वजाबाकी होऊन ते अधांतरी तरंगतं.

मग ते पोर्तुगालच्या किनाऱ्याला धरून पुढे सरकतं. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर, सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराजवळ, किनारा एकदम वळतो. प्रवाहाला ते वळण नेहमी जमतंच असं नाही. मधूनमधून त्याचा एखादा तुकडा सुटतो आणि स्वतःभोवती फिरत समुद्रात निघून जातो. हा झाला भोवरा. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ‘मेडी’ ठेवलं आहे.

भोवरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात पडलेला खड्डा येतो, नाव गिळणारा. मेडी तसा नसतो. वर लाटा नेहमीसारख्या चालू असतात, जहाजाला कशाचाही पत्ता नसतो, आणि एक किलोमीटर खाली हे प्रकरण शांतपणे फिरत असतं. आकार मसुराच्या दाण्यासारखा, मध्ये फुगीर आणि कडेला निमुळता. मसूर म्हणजे आपण समजतो तितका फुगीर मात्र नाही. एका चांगल्या मोजलेल्या मेडीची रुंदी सुमारे 100 किलोमीटर होती आणि जाडी सुमारे 800 मीटर. हेच प्रमाण पोळीला लावलं, तर वीस सेंटीमीटरच्या पोळीची जाडी दीड मिलिमीटर भरेल. म्हणजे भाकरी नव्हे, चांगली पातळ लाटलेली पोळी.

ही पोळी टिकते कशी? दोन कारणं आहेत. पहिलं, पृथ्वी स्वतः फिरते आहे. त्या फिरण्यामुळे बाहेर पसरू पाहणारं पाणी सरळ न जाता वळतं आणि गोल फिरू लागतं. भोवऱ्यातला दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि पृथ्वीचं फिरणं त्याला आत वळवतं, असा तोल साधला जातो. दुसरं कारण मला जास्त आवडतं. भोवऱ्याच्या गाभ्यातलं पाणी जात्याच्या पाळूसारखं फिरतं. मधलं आणि कडेचं, सगळं एकाच वेळेत एक फेरी पूर्ण करतं. त्यामुळे शेजारचा थर शेजारच्या थरावर घासत नाही. घासणं नाही म्हणून ढवळणं नाही, आणि ढवळणं नाही म्हणून मिसळणंही नाही. गाभा जसाच्या तसा राहतो.

‘मेडी’ हा शब्द ज्या भोवऱ्यामुळे जन्माला आला त्याचीही एक गंमत आहे. 1976 साली बहामा बेटांजवळ, म्हणजे अटलांटिकच्या अगदी दुसऱ्या काठाला, शास्त्रज्ञांना खोल पाण्यात एक खारट, उबदार भोवरा सापडला. 1978 मध्ये त्याबद्दलचा लेख प्रसिद्ध झाला. हे पाणी भूमध्य समुद्रातून सगळा महासागर ओलांडून इथवर आलं, असं त्यात म्हटलं होतं. सगळ्यांना नवल वाटलं आणि लोक अशा भोवऱ्यांच्या शोधाला लागले. त्यांना पुष्कळ मेडी सापडलेही, पण ते महासागराच्या पूर्व भागात. पुढे 1999 मध्ये, त्या पहिल्या शोधातल्याच एका शास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत जुनी मोजमापं पुन्हा तपासून मांडलं, की बहामाजवळचा तो भोवरा बहुधा भूमध्य समुद्रातला नव्हताच, वायव्य अटलांटिकमध्येच तयार झाला असावा. ज्याच्यामुळे सगळ्या घराण्याला नाव मिळालं, तोच त्या घराण्यातला नसण्याची शक्यता जास्त! पण नाव राहिलं, आणि त्या निमित्ताने लागलेले शोधही राहिले.

आता आपल्या नायिकेकडे वळू. ऑक्टोबर 1984 मध्ये कॅनरी बेटांच्या परिसरात अमेरिकी आणि कॅनडाच्या शास्त्रज्ञांना एक मोठा, ताजातवाना मेडी सापडला. त्याचं नाव पडलं ‘शॅरन’. वर रुंदी-जाडीचे आकडे दिले ते हिचेच. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा तिच्या गाभ्यात किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ होतं आणि तापमान दोन-अडीच अंशांनी अधिक. एक फेरी पूर्ण करायला तिला सुमारे सहा दिवस लागत. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटेल. पण एवढ्या प्रचंड पाण्यात तो गुणून पाहा. माझ्या ढोबळ हिशेबाने भोवतालच्या पाण्याहून जास्तीचं मीठच शंभर कोटी टनांच्या घरात जातं.

शॅरनला शोधणं एक आणि दोन वर्षं तिचा माग ठेवणं दुसरं. उपग्रहाला पाण्याखालचं सहजी दिसत नाही. खोल पाण्यात रेडिओ चालत नाही. मग यंत्रं तिच्या आत सोडली. ही यंत्रं ठरावीक खोलीवर तरंगतात आणि ठरलेल्या वेळी खालच्या पट्टीतला आवाज काढतात. समुद्रात एक हजार मीटरच्या आसपास असा थर असतो की त्यात आवाज शेकडो किलोमीटर जातो. दूर ठेवलेली यंत्रं तो आवाज ऐकतात. आवाज कुठे कधी पोचला यावरून तरंगणारं यंत्र कुठे आहे ते कळतं. गाईच्या गळ्यातली घंटा ऐकून ती कुठल्या शेतात आहे हे ओळखावं, तसं. पुढे या पद्धतीची उलटापालट झाली. आवाज काढणारी यंत्रं जागेवर ठेवली आणि तरंगणारी यंत्रं ऐकू लागली. पहिल्या पद्धतीचं नाव ‘सोफार’ होतं. दुसरीला त्याच इंग्रजी अक्षरांचा क्रम उलटा करून ‘राफोस’ म्हणतात. शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतात.

दोन वर्षांत जहाजांनी शॅरनला चारदा गाठून वरपासून खालपर्यंत मोजलं. तेवढ्यात ती दक्षिणेकडे सुमारे 1100 किलोमीटर सरकली. म्हणजे दिवसाला दीड किलोमीटर, आपण वीस मिनिटांत चालतो तेवढंच. या चार मोजण्यांतून जे कळलं त्यासाठीच हा सगळा लेख.

शॅरन मधून विरली नाही, कडेने विरली. पहिल्या वर्षात बाहेरचा भाग झिजत गेला, पण गाभ्यातलं पाणी जवळपास पहिल्यासारखंच होतं. मधोमध उभं राहून कुणी मोजलं असतं, तर त्याला वाटलं असतं की काहीही बदललेलं नाही. पण कडेने मीठ आणि ऊब सतत जात होती. पुढे एक वेळ अशी आली की ही झीज केंद्रापर्यंत पोचली. त्यानंतर मधल्या पाण्याचा खारटपणाही उतरू लागला. जास्तीचं मीठ साधारण वर्षभरात एक तृतीयांशाच्या आसपास उरावं, असा एकूण वेग होता.

कडेला नेमकं काय चालतं ते घरी पाहता येईल. उंच काचेच्या ग्लासात फ्रिजमधलं गार पाणी अर्ध्यापर्यंत घ्या. वाटीभर गरम पाण्यात पाव चमचा मीठ आणि निळ्या शाईचे दोन थेंब घाला. पाणी कडकडीत नको, आणि लहान भावंडं असतील तर मोठ्या माणसाने ओतावं. चमचा पाण्याला टेकवून त्याच्या पाठीवरून हे गरम, निळं पाणी अगदी हळू सोडा. ते वर तरंगेल. ग्लास न हलवता थोडा वेळ बघत बसा. निळ्या पाण्यातून बारीक बारीक धागे खाली उतरताना दिसतील.

असं का होतं? उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते. खाली उतरलेला खारट पाण्याचा थेंब आपली ऊब शेजाऱ्याला पटकन देऊन टाकतो, पण मीठ त्याच्यापाशीच राहतं. ऊब गेली, मीठ राहिलं, म्हणजे तो जड झाला. मग तो आणखी खाली जातो. शेजारचं गोडं पाणी ऊब घेऊन हलकं होतं आणि वर चढतं. इंग्रजीत या धाग्यांना मिठाची बोटं म्हणतात. समुद्रातही ती काही सेंटीमीटर रुंदीचीच असतात. मेलविन स्टर्न या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये त्यांची उपपत्ती मांडली.

मेडीच्या खालच्या अंगाला नेमकी हीच परिस्थिती असते, वर उबदार खारट पाणी आणि खाली गार, कमी खारट. वरच्या अंगाला उलट असतं, म्हणून तिथे बोटांऐवजी पायऱ्यांसारखे थर पडतात. आणि बाजूंना सगळ्यात जास्त खळबळ. भोवऱ्याचं पाणी पातळ जिभांसारखं बाहेर घुसतं आणि बाहेरचं पाणी तसंच आत शिरतं. एकावर एक, चिरोट्याच्या पदरांसारखं. शॅरनमध्ये हे पदर वीस-पंचवीस मीटर जाडीचे आणि कित्येक किलोमीटर लांब होते. तिचं बहुतेक मीठ याच वाटेने गेलं.

प्रत्येक मेडीला असं शांतपणे म्हातारं होता येत नाही. पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला समुद्राखाली गोरिंज, जोसेफिन असे डोंगर आहेत, पुढे दक्षिणेला आणखी आहेत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तोपर्यंत यंत्रांनी माग काढलेल्या मेडींचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यावरून असा अंदाज निघाला की दरवर्षी सुमारे 17 मेडी जन्माला येतात आणि त्यांतले बहुतेक कधी ना कधी अशा एखाद्या डोंगरावर आदळतात. काही तिथेच फुटतात. काहींचे दोन तुकडे होऊन दोन्ही पुढे फिरत राहतात. काही जखमी होऊनही निसटतात. जे वाचतात ते कित्येक वर्षं जगू शकतात.

शेवट कसाही होवो, मीठ कुठे जात नाही. भोवरा संपला याचा अर्थ एवढाच की त्याचं मीठ आता ‘त्याचं’ राहिलं नाही. अटलांटिकचा नकाशा एक हजार मीटर खोलीवर पाहिला, तर जिब्राल्टरपासून पश्चिमेकडे पसरत गेलेली खारट पाण्याची एक लांबलचक जीभ दिसते. तिच्यातलं काही मीठ हळूहळू झिरपत आलेलं आणि काही असंख्य मेलेल्या भोवऱ्यांनी वाटेत ठेवलेलं.

‘हे सगळं ठीक, पण याचं आम्हाला काय?’ असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच. तर ऐका. माणसाने वाढवलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. ती वरच राहते की खोल जाते, यावर पुढच्या पिढीचं हवामान अवलंबून आहे. तुमचंच, म्हणजे आज जे शाळा-कॉलेजात आहेत त्यांचं. हवामानाचा अंदाज करणारे संगणक समुद्राचे मोठमोठे चौकोन पाडतात, एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा. पाणी मात्र मिसळतं ते सेंटीमीटरभर रुंदीच्या बोटांनी. ती बोटं चौकोनात मावत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने एक आकडा धरावा लागतो. तो आकडा बरोबर असावा म्हणून कुणीतरी दोन वर्षं एका भोवऱ्याच्या मागे जावं लागतं.

आपल्या अरबी समुद्राचंही तसंच आहे. भूमध्य समुद्राची दोन धाकटी भावंडं आपल्या शेजारी आहेत, इराणचं आखात आणि तांबडा समुद्र. दोन्ही ठिकाणी ऊन जास्त, पाऊस नाही. त्यांचं खारट पाणी अरुंद सामुद्रधुन्यांतून बाहेर येऊन अरबी समुद्रात खोलवर पसरतं. आखाताचं साधारण दोनशे-तीनशे मीटरवर, तांबड्या समुद्राचं त्याहून खाली. तेही काही प्रमाणात भोवऱ्यांच्या पाठीवर बसूनच प्रवास करतं. अरबी समुद्रात याच खोलीवर प्राणवायू फार कमी असलेला जाड थर आहे. आखाताचं पाणी त्यात थोडाफार प्राणवायू आणतं. तो कुठवर पोचतो हे मिसळण्याच्या वेगावर ठरतं, आणि मासा कुठे जगू शकेल ते प्राणवायूवर.

मी राहते त्या पणजीपासून दोनापावला जवळच आहे. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत 1966 पासून या पाण्यांचा अभ्यास चालतो. आपल्या हैदराबादच्या वाचकांच्या शहरात, समुद्रापासून इतक्या लांब, ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे. जगभरच्या समुद्रांत अर्गो नावाची सुमारे चार हजार यंत्रं तरंगत असतात. ती एक हजार मीटरवर वाहत राहतात आणि साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून मोजत मोजत वर येतात. भारताच्या अर्गो यंत्रांचं काम इन्कॉइस पाहते. ही मोजमापं सगळ्यांना खुली आहेत. अकरावीतल्या मुलीलाही.

आपल्या मंडळाच्या मासिकात असा विषय आला, की पुढचं वाक्य काय येणार हे तुम्ही ओळखलं असेल. आपणही मूळ प्रवाहातून सुटून दूर आलेले, चार-पाच पिढ्या आपलं मीठ सांभाळून असलेले, कडेने विरघळणारे. कार्यक्रमांत अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. ही तुलना मला अर्धीच पटते. मेडी एकदा सुटला की त्याला नवं खारट पाणी कधीच मिळत नाही, त्याच्या हिशेबात फक्त खर्च आहे. माणसांचं तसं नाही. घरात मूल जन्मतं, सून येते, जावई येतो, कुणी पुस्तक उघडतं, कुणी आजीला फोन लावतं. आपल्याकडे जमेची बाजूही आहे, ती लिहायची की नाही हे आपल्या हातात.

पटते ती अर्धी बाजू अशी. झीज कडेने होत असताना मधे बसलेल्याला काहीच कळत नाही. सणवार चालू आहेत, श्रीखंड होतं आहे, सगळं पहिल्यासारखंच आहे असं वाटतं. कडेला कोण आहे, तर सगळ्यात धाकटी मुलं. ती आपसात कुठल्या भाषेत भांडतात ते ऐकलं की मोजमाप झालं. आणि दुसरं असं, की पदर दोन्ही बाजूंनी शिरतात. बडोद्याची शेव-उसळ बघा. उसळ आपल्या स्वयंपाकघरातली, पण आज ती त्या शहराची आहे आणि गुजराती माणूस ती आपली म्हणून खातो. तिला ‘गेली’ म्हणायचं की ‘पोचली’?

ते तुम्ही ठरवा. मला मात्र ग्लासातल्या प्रयोगाचे फोटो हवेत. मीठ पाव चमच्याहून जास्त घातलंत तर निळं पाणी थेट तळाला जाईल आणि बोटं दिसणार नाहीत, हे लक्षात ठेवा. ज्यांना बोटं दिसतील त्यांनी ती उतरायला किती मिनिटं लागली तेही लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू.